पंच्याहत्तरीचं गाव

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसून टाकलं. पण गेल्या आठवड्यात खरातवाडीला एका तेराव्याला जाऊन आलो, आणि परत निघताना अंकुश गाडीला हात लावून म्हणाला, "लिही आता. माझं नाव घालून लिही." म्हणून बसलोय. मला कोड लिहिता येतो, तोही फोनवर व्हिडिओ बघून बघून शिकलेला. गोष्ट लिहिता येत नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

खरातवाडीत माझी ओळख आजही एकच आहे. 'मुलाण्याचा रियाज, ज्याचं मशीन चुकलं तो.' मी कधी नाही म्हटलं नाही.

तर त्या दिवशी डॉक्टर देवस्थळी ओपीडी सोडून माझ्या टेबलाशी आले होते. टेबल म्हणजे काय, हॉस्पिटलच्या चष्म्याच्या दुकानामागची खोली. चारी बाजूंनी फ्रेमांची खोकी आणि मधे मी.

"रियाज, हा खड्डा कसला रे?" त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. कडेचं दिसत राहतं, नेमकं समोरचं जातं. माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. त्या आजाराचा आलेख होता तो. वय वाढेल तशी रेघ वर चढत जाते, सगळीकडे. आमच्या तालुक्यात ती सत्तरीपर्यंत नीट चढली होती आणि पंच्याहत्तरीला धाडकन खाली आली होती.

"कोडमध्ये काही चूक?"

"नाही सर. पुन्हा पुन्हा तपासलं."

"मग ही माणसं खातात तरी काय?" असं म्हणून ते स्वतःच हसले, आणि हसता हसता थांबले. "रियाज. हुलगा!"

आमचा ट्रस्टचा दवाखाना. डोळ्यांचे हजारो फोटो नुसते पडून होते. ते मी मशीनला दाखवले होते, आणि प्रत्येक फोटोबरोबर त्या माणसाची माहिती. वय, बीपी, साखर, विडी, मिसरी, चुलीचा धूर, खाणं. कशानं धोका वाढतो, कशानं कमी होतो, ते मशीन स्वतःच शोधतं. मग नवीन माणूस आला की फोटो आणि माहिती बघून सांगतं, लाल का हिरवा. लाल म्हणजे ताबडतोब दवाखान्यात. हिरवा म्हणजे पुढच्या वर्षी या. खाण्याच्या रकान्यात आमच्या भागातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी हुलगा, म्हणजे कुळीथ, सांगितला होता. माडगं, शेंगोळे, उसळ. दुष्काळी मुलूख, दुसरं पिकतंय काय?

"हुलग्यानं पडदा टिकतो," डॉक्टर खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागले. "जगाला माहीत नाही हे. पुण्याच्या परिषदेत मांडतो. आणि संशोधनाच्या पेपरवर दुसरं नाव तुझं. रियाज मुलाणी."

मी आयटीआय अर्धवट सोडलेला पोरगा. अब्बा गावात बकरी कापतात. आणि माझं नाव डॉक्टरांच्या खालोखाल छापून येणार.

संध्याकाळी गाडी काढली आणि थेट खरातवाडीला, अंकुशकडं. आमच्या गावापासून दोन मैलांवर. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. त्याचं दूध डेअरीशेजारी आधार केंद्र होतं. बाहेरच्या पायरीवर त्याची थोरली आई गोधडी शिवत बसलेली. गजराक्का. अंकुशची सख्खी चुलती. तिला मूलबाळ नाही, अंकुशची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवला. आणि मलाही, अर्धा.

"आलास का रं रियाज? बस. ही सुई बघ की जरा. बाजारात समद्या वाकड्या सुया आल्यात."

मी सुई बघितली. सरळ होती. गोधडीवरचे टाके मात्र नागासारखे वळत गेले होते. गजराक्काच्या गोधड्या पाच गावांत जायच्या, पट्टी लावून मारल्यासारखे टाके असायचे तिचे. मला वाटलं, उजेड कमी पडत असेल.

आत जाऊन मी अंकुशला सगळं सांगितलं. हुलगा, परिषद, माझं नाव. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचं तोंड वेगळंच व्हायला लागलं. मग त्यानं दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि हसायला लागला. इतका हसला की खोकला आला.

"काय झालं?"

"थांब. तात्या! ओ तात्या! आत या जरा."

डेअरीच्या कट्ट्यावरून तात्या जानकर आले. दुधाची किटली एका हातात लीलया धरलेली.

"तात्या, वय किती तुमचं?"

"कागदावरचं का खरं?"

अंकुश परत सुटला. तात्याही दात काढून हसले. "कागदावर शहात्तर हाय बाबा. पोरानं दिलंय. खरं म्हणशील तर धाकट्या मेव्हण्यापरीस दोन वर्सांनी मोठा, आन् त्यो आत्ता रिटायर झाला."

मग मला समजलं. ज्या वर्षी पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, त्या वर्षी अंकुशच्या केंद्रापुढं रांग लागली होती. कुणाची लेक पंढरपूरकडं दिलेली, कुणाचा दवाखाना मिरजेला, कुणाला नुसतंच फिरायचं. एका पुढाऱ्याच्या लेटरहेडवर जन्मतारखेचा दाखला मिळायचा. तो जोडायचा आणि अंकुश तारीख मागं सरकवायचा. कुणाकडून चहाच्या वर काही घेतलं नाही त्यानं. म्हातारी माणसं खूश, अंकुश खूश. लोक म्हणायचे, पोरानं सगळ्या गावाला एसटी फुकट केली.

"आख्खं गाव पंच्याहत्तरीचं केलंय मी," अंकुश डोळे पुसत म्हणाला. "आणि इथंच न्हाई लेका, प्रत्येक गावात एक अंकुश हाय. तुझा डॉक्टर म्हणतोय हुलगा! हुलग्यानं नव्हं रं, माझ्यानं टिकलेत त्यांचे डोळे!"

बाहेरून गजराक्का म्हणाली, "काय झालं रं एवढं हसायला?"

"तुझा लेक लई मोठा झाला थोरले आई! पुण्याला गाजणार!"

"गाजू द्या की. माझ्या लेकानं पुण्याईच केलीया."

मी हसत होतो. आणि मधेच थांबलो.

कारण मशीनला मीच शिकवलं होतं. त्याच्या लेखी आता आमच्याकडचा पंच्याहत्तरीचा माणूस म्हणजे धडधाकट. कारण तो खरा पासष्टीचा. पण जो खरोखर पंच्याहत्तरीचा आहे, त्यालाही ते धडधाकटच म्हणणार. ज्याला सगळ्यात जास्त धोका, त्यालाच हिरवा.

गावात खऱ्या पंच्याहत्तरीची माणसं होती तरी किती? सदुसष्ट साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गजराक्काचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, हे ती येताजाता सांगायची. तिची तारीख सरकवायची गरजच पडली नव्हती.

सकाळी दवाखाना उघडायच्या आत मी डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभा होतो.

"सर, तो खड्डा खोटा आहे. पंच्याहत्तरच्या वरची निम्मी माणसं पासष्टची आहेत. एसटीच्या पाससाठी वयं वाढवलीत."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, हे सांगून ठेवतो. फुकट ऑपरेशनं करून करून त्यांची पाठ वाकली होती. पण गेली कित्येक वर्षं त्यांचं ऐकायला कुणी आलं नव्हतं, आणि आता पुणं येणार होतं.

"कोण म्हणतं?"

"वाढवणारा माझा मित्र आहे सर. खरातवाडीच्या आधार केंद्रात असतो."

"बरं. म्हणजे मी पेपरात लिहू, की खरातवाडीच्या आधार केंद्राच्या चालकानं सरकारी नोंदीत खोट्या तारखा घातल्या? लिहितो. नाव काय त्याचं?"

मी टेबलावरचा चष्मा त्यांच्यापुढं सरकवला.

"सांग ना. पोलीस विचारतील तेव्हा तुलाच सांगावं लागेल. आत जाईल तो. चालेल?"

"नाव न घालता नाही का सर..."

"पुराव्याशिवाय कुठलं विज्ञान होतं, बाळा? आपण सरकारी कागदावरचं वय घेतलं. आपली चूक नाही."

"मग मशीनमधून वय काढून टाकू. निदान शिबिरापुरतं."

"म्हातारपणाचा आजार, आणि वयच काढायचं? उरतं काय त्यात?" ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरातवाडीचं शिबिर ठरलंय, बॅनर छापून आलेत. हे होऊ दे. मग निवांत बसून दुरुस्त करू. एका गावानं काय होतंय?"

त्याच गावात मी अर्धा वाढलो होतो, हे त्यांना माहीत नसेल.

शिबिर मराठी शाळेत भरलं. डॉक्टर पुण्याला गेलेले. मी वर्गात लॅपटॉप घेऊन बसलो होतो, मागं फळ्यावर बेचा पाढा तसाच. म्हातारी माणसं नटूनथटून आली होती. फोटो काढायचा म्हणून तात्या जानकरांनी फेटा बांधलेला.

"तात्या, डोळ्याच्या आतला फोटो काढायचाय, फेटा कशाला?"

"आतनं बी फेटा दिसू दे की!"

सगळा वर्ग हसला. तात्या हिरवे आले. त्यांच्यामागचे आले. हिरवे, हिरवे, हिरवे. मग गजराक्का.

तिचा फोटो धुरकट आला. मोतीबिंदू पिकत आला होता, पडदा नीट दिसेना. तीनचारदा काढला, तसाच. फोटोतून काही कळेना की मशीन बाकीच्या माहितीवर भर देतं. बीपी बरं, साखर नाही, मिसरी नाही, हुलगा रोज. आणि वय शहात्तर.

"दिसायला काय होतंय का गं अक्का?"

"दिसतंय की. फकस्त दाराची चौकट वाकडी दिसतीया. सुताराला म्हटलं, त्यो म्हणतोय सरळ हाय. आन् एसटीची पाटी मधीच पुसल्यागत."

सरळ रेघ वाकडी दिसणं, ही ह्या आजाराची पहिली खूण. हे दवाखान्यात शिपायालासुद्धा पाठ असतं. मी तिच्या गोधडीचे टाके आठवले.

स्क्रीनवर हिरवं आलं.

मी बाहेर पडवीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. फोनमध्ये त्यांच्या मागं टाळ्यांचा आवाज येत होता.

"सर, एक बाई आहेत. रेघा वाकड्या दिसतात म्हणतात. लाल करून गाडीत घालतो."

"मशीन काय म्हणतंय?"

"हिरवं. पण सर, तुम्हाला माहितीये ना ते हिरवं का आहे."

त्यांनी आवाज खाली आणला.

"हातानं एकही निकाल बदलायचा नाही, रियाज. एक बदललास की उद्या सगळा अभ्यास कुणीही खोटा ठरवेल. मोतीबिंदूच्या यादीत नाव घाल. नंबर येईल तेव्हा बघू. ठेवतो, मला स्टेजवर बोलावतायत."

मी आत आलो. तोवर शेजारच्या नर्सनं चिठ्ठी छापून गजराक्काच्या हातात दिली होती.

"हिरवं म्हंजे पास न्हवं?" ती दारातल्या बायकांना दाखवत होती. "माझ्या रियाजचं मशीन हाय ते. पास म्हणतंय मला!"

मी अंकुशला बाजूला घेतलं. "ह्या चिठ्ठीवर जाऊ नको. उद्याच्या उद्या तिला मिरजेला घेऊन जा."

"का? काय झालं?"

"मशीनवर भरवसा नाही. वयाचा घोळ आहे त्यात."

"तिच्या वयाचा कसला घोळ?" तो हसला. "आख्ख्या गावात तिचं एकटीचंच तर खरं हाय!"

"तेच तर म्हणतोय मी अंकुश, अरे..."

"तूच मशीन करायचं आणि तूच म्हणायचं भरवसा नाही. लेका, तुझ्यावर माझा हाय. चल, जेवायला चल. शेंगोळे केलेत तिनं."

जेवताना मी परत विषय काढला. गजराक्कानंच उडवून लावला. पास झालेल्यानं पुन्हा परीक्षेला कशाला बसायचं, आणि डाळिंबं तोडायला आलेली, घरी कोण राहणार. माझ्या पानात आणखी एक डाव शेंगोळे वाढले. वाढताना निम्मे पानाबाहेर पडले. अंकुश म्हणाला, "म्हातारी झालीस गं." ती म्हणाली, "व्हय, कागदावर बी आन् खरी बी."

संक्रांतीला गेलो तेव्हा ती पायरीवरच बसली होती. हातात गोधडी नव्हती. पावलांच्या आवाजावरून ओळखलं तिनं मला. "रियाज न्हवं? ये, त्वांड उघड." तिळाचा लाडू माझ्या तोंडाजवळ आणला. हात कानाशी गेला. मग हनुवटीखाली. मग ती थांबली आणि दुसऱ्या हातानं माझं डोकं चाचपायला लागली.

"त्वांड कुठं गेलं रं तुझं?" ती हळूच म्हणाली. "कान दिसत्यात. खांदं दिसत्यात. मधी त्वांडच न्हाई. अंक्याला बी न्हाई. लोकांची त्वांडं कुठं गेली समद्यांची?"

लाडू मी तिच्या हातातून काढून खाल्ला. गोड होता का ते सांगता यायचं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे बघितले, एक्स-रेसारखं ते चित्र बघितलं, आणि आम्हाला बाहेर बोलावलं. पडद्याखाली रक्त येऊन वाळलं होतं. मोतीबिंदू काढला तरी ती चौकट, ती पाटी, ते चेहरे आता येणार नव्हते. "सुरुवातीलाच हे दिसलं असतं, तेव्हाच आणलं असतं, तर इंजेक्शनवर धरून ठेवलं असतं," ते म्हणाले. "कुणी तपासलंच नव्हतं का?"

अंकुशनं खिशातून ती चिठ्ठी काढली. घडी घालून घालून मऊ झाली होती. डॉक्टरांना दाखवली नाही. नुसती बघितली आणि परत खिशात ठेवली.

एव्हाना पुण्याचा पेपर गाजला होता. आमच्या दवाखान्याच्या काउंटरवर हुलग्याच्या पिठाची पाकिटं विकायला आली होती, वर डोळ्याचं चित्र. पेपरवर माझं नाव दुसरं. मी राजीनामा दिला तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "त्या मित्राला जप." ती काळजी होती की धमकी, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तपासणीच्या दिवशी परतताना मिरजेच्या स्टँडवर आमची गाडी लागलेली. गजराक्काला खिडकीशी बसवलं. कंडक्टर आला तशी तिनं कनवटीची चंची सोडून चाचपत आधार कार्ड काढलं.

"माझ्या लेकाच्या केंद्रातलं हाय बरं का," ती कंडक्टरला सांगत होती. "आमच्या आख्ख्या गावाला तुमची एसटी फुकट केलीया त्यानं. लई दुवा मिळतो त्याला."

अंकुश खाली उतरला. मी त्याच्यामागं. गाडीच्या मागच्या चाकाशी तो उभा राहिला, माझ्याकडं पाठ करून.

"रियाज. शिबिराच्या दिवशी तू म्हणालास ना, वयाचा घोळ."

"हं."

"ते पंच्याहत्तरीचे सगळे माझे. मशीन त्यांच्यावरून शिकलं. म्हणून तिला हिरवं आलं. व्हय का न्हाई?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. तो आधारचं काम करायचा, त्याला अर्धंमुर्धं समजावून गप्प करता आलं असतं. पण पहिलीपासून एका बाकावर बसलोय.

"हो. पण डॉक्टरला मी सांगितलं होतं. त्यानं..."

"डॉक्टर राहू दे." त्यानं चाकावर बोट फिरवलं, बोटाला काळं लागलं ते बघत बसला. "सकाळपासून इचारतीया. मशीन पास म्हणालं तर मग असं का झालं? कुणाचं चुकलं? सारखं तेच. मी काय सांगू तिला? तिच्याजवळ हाय काय दुसरं? दिसत न्हाई, शिवता येत न्हाई. तिच्या लेकानं पुण्याई केली, एवढंच हाय. ते बी काढून घेऊ?"

वरून गजराक्काची हाक आली. "अंक्या! रियाज! गाडी सुटंल रं!"

"तू सांग तिला," अंकुश म्हणाला. "तुझं ऐकती ती. सांग, मशीन चुकलं."

"मशीन चुकलं नाही अंकुश. त्याला जे दाखवलं तेच ते शिकलं."

"म्हाईत हाय मला." तो माझ्याकडं वळला. "म्हाईत हाय लेका, म्हणून तर तुझ्याकडं मागतोय."

मी त्याचा काळा झालेला हात धरला.

"मशीन चुकलं," मी म्हणालो. "मी केलेलं मशीन चुकलं. तिला सांगतो, आणि गावात जो विचारील त्याला सांगतो. ती आहे तोवर दुसरं काही माझ्या तोंडून निघायचं नाही."